खंडेनवमीच्या पाटावरची हार्ड डिस्क

नवऱ्याची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. बावीस वर्षं तो आयटीत होता, त्यातली शेवटची बारा साहेब म्हणून. कंपनीचा लॅपटॉप परत गेल्यावर घरात जुना डेस्कटॉप तेवढा उरला. परदेशातल्या एका कंपनीची मुलाखत ठरली, त्यात स्क्रीन दाखवून प्रेझेंटेशन करायचं होतं. म्हणून त्याने नवी एसएसडी डिस्क आणली आणि स्वतःच बसवायला घेतली.

मी एका शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. म्हटलं, "अहो, विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा."

"स्वल्प गप्प बस," तो इथल्या कानडी वळणात म्हणाला. "ही तुझी शाळा नाही."

जुनी डिस्क आतच ठेवून त्याने विंडोज टाकलं. यंत्र झकास चालायला लागलं आणि त्याने दोनदा माझ्याकडे बघून घेतलं.

मुलाखत नेमकी खंडेनवमीला, दुपारी चारला आली. बनशंकरीतल्या आमच्या घरी त्या दिवशी सुरीसुद्धा पाटावर जाते. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. पूजेतल्या वस्तूला दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही. सासूबाईंनी सकाळीच पूजेला कॉम्प्युटर मागितला.

"आई, आज तो लागणार आहे मला."

"सरी, ठीक. मग तुझ्या पोटापाण्याचं दुसरं काहीतरी ठेव. काही उरलं असलं तर."

त्याने डबा उघडून जुनी डिस्क काढली आणि सुरी नि माझी कात्री यांच्या मधे ठेवली. "नऊ वर्षं राबलीय बिचारी," म्हणाला. यंत्र पुन्हा सुरू करून बघण्याची गरज त्याला वाटली नाही.

कुंकू मी लावत होते. डिस्कवर बोट टेकलं तेव्हाच मला कळलं. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना टाकलं, की विंडोज नव्या डिस्कवर जातं, पण यंत्राला जागं करणारा छोटासा भाग कधीकधी जुन्या डिस्कवरच बसतो. तो नसेल तर नवी डिस्क म्हणजे नुसता पत्रा. दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. मी डिस्कवर झेंडूचं फूल ठेवलं आणि पानं वाढायला गेले.

जेवण उरकून दोन वाजता त्याने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: सुरू करायला डिस्क सापडत नाही. त्याने एसएसडी काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. केबल बदलली. सेटिंगमध्ये शिरून बाहेर आला. सदऱ्याची पाठ भिजली.

"अहो, बावीस वर्षं काय करत होतात ऑफिसात?" मी विचारलं.

"मीटिंगा," सासूबाई म्हणाल्या. "हात जोड रे त्याला, कदाचित उठेल."

"नवी डिस्कच खराब निघाली," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं.

साडेतीनपर्यंत मी वाट पाहिली. 'जरा बघतेस का' एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. त्याने फोन उचलला, पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि केस विंचरले.

मी दारातून ऐकत होते. प्रेझेंटेशन दाखवा, असं पलीकडून आलं. हा म्हणाला, कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. पलीकडचा माणूस हसला. वाईट मनाने हसला असंही नाही. म्हणाला, आमची चारशे यंत्रं तुमच्या हाताखाली द्यायचा विचार होता. मग दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, खुर्चीत बसले, चार आज्ञा दिल्या. यंत्र सुरू झालं. तो मागे उभा होता.

"किती वेळ लागला?"

"पंधरा मिनिटं."

"आणि काल?"

"कालही पंधराच लागली असती."

चार दिवसांनी नकाराची मेल आली. त्याने सासूबाईंना आणून खुर्चीत बसवलं, मला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"वाच. मोठ्याने. आईला इंग्रजी येत नाही, मराठीत सांग."

मी ओढणीला हात पुसले आणि एकेक वाक्य सांगत गेले. मधे यंत्र सुरू न झाल्याबद्दलची एक ओळ मी गाळली, तर त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

"हीपण."