पाझर तलावातलं खेचर

“बांधा! मागची दोन्ही चाकं आवळून बांधा!” आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन अण्णा पाझर तलावाच्या कोरड्या तळात उभे राहून असे ओरडत होते, की पाणी असतं तर लाटा उठल्या असत्या.

“अण्णा, थांबा!” मी त्यांच्याहून मोठ्यानं. “पळायची गाडी आहे ही! चाकं बांधल्यावर पळंल कशी?”

“पळणं मागनं बघू. आधी ताकद.”

आणि दोन संचालक खरंच दोरखंड घेऊन माझ्या गाडीखाली शिरले.

गाडी कसली, खेचरच होतं. पुण्याच्या मोटार कारखान्यात मी चाचणीवर होतो तेव्हा शिकलो होतो, की नवी गाडी एकदम जन्माला येत नाही. आधी एक खेचर काढतात. एकाचं धड, दुसऱ्याचं काळीज, तिसऱ्याचे पाय. ते दामटायचं, मोडायचं, कुठं मोडलं ते बघायचं, मग खरी गाडी करायची. विलायतेतल्या, जमिनीला चिकटून वाऱ्याला मागं टाकणाऱ्या शर्यतीच्या गाड्यासुद्धा आधी अशाच भंगारासारख्या दिसतात. मी नोकरी सोडून गावी आलो ते हेच डोक्यात घेऊन. माकणीकडच्या आमच्या भागातलं दूध शीतकेंद्रावर पोचेपर्यंत टेंपोतच नासायचं. दुष्काळानं जनावरं आटलेली, आणि जे चार कॅन निघायचे त्यांचंही वाटेत दही. मला दुधाची अशी गाडी काढायची होती, की धार काढणाऱ्या बाईनं चरवी खाली ठेवायच्या आत दूध शीतकेंद्रावर.

म्हणून हे खेचर. जीपचा सांगाडा कापून बुटका केला, वर मिलिटरीच्या लिलावातलं इंजिन, अंगावर तेलाच्या डब्यांचा पत्रा. दिसायला असं, की कुत्रीसुद्धा भुंकायच्या ऐवजी तोंड फिरवायची. पण वेग! पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी तलावाच्या पलीकडच्या बांधावर पोचलो आणि माझी सावली अलीकडच्या बांधावरच होती. बहात्तरच्या दुष्काळी कामावर सगळ्या गावानं खणलेला हा तलाव. पाणी कधी धरलं नाही, पण सडक म्हणून एक नंबर. त्या दिवशी संचालक मंडळापुढं एक फेरी मारायची, की सोसायटी ठराव करून खरी गाडी बांधायला शेड देणार होती. नाहीतर मी परत पुण्याला, दुसऱ्यांच्या गाड्या पुसायला.

घोटाळा एवढाच, की अण्णांना बैलातलं सगळं कळत होतं. त्यांनी बोट ठेवलेला बैल आख्ख्या तालुक्यात लोक डोळे झाकून घ्यायचे. आपल्याकडं बैल घेताना गाडीची चाकं दोरखंडानं बांधतात, वर माणसं बसवतात आणि बैलाला ओढायला लावतात. ओढली तर बैल खरा, खाली बसला तर परत. अण्णांनी आल्या आल्या माझ्या खेचराच्या पाठीवरनं हात फिरवला होता, पुढं वाकून रेडिएटरच्या जाळीत दात बघितले होते, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

“अण्णा, आईच्यान सांगतो,” मी म्हणालो, “तुम्ही बैलगाडीची चाकं बांधता तेव्हा बैलाचे पाय मोकळेच असतात का न्हाय? इथं चाकं म्हणजेच पाय!”

अण्णांनी हात वर केला. संचालक गाडीखालून बाहेर आले. जिंकलो म्हणून मी मिशीवर हात फिरवला.

“व्हय की,” अण्णा म्हणाले. “बरोबर है पोराचं. बैलगाडी आणा रं. तिची चाकं बांधा आन् जोडा ह्याच्या मागं.”

“अण्णा! हे हरीण आहे! हरणाला कुणी नांगराला जुंपतं का?”

“हरणाचं दूध सोसायटीत येत न्हाय, इंजिनेर. बस आत.”

बैलगाडी आली. चाकं बांधली. वर आख्खं संचालक मंडळ पटके सावरत बसलं, आणि त्यातले जाडे अण्णांनी मुद्दाम मागं बसवले. मी विनवलं, नुसती एक फेरी बघा, मग काय जुंपायचं ते जुंपा. अण्णांनी तोंडानं बैलाला करतात तसा ‘टॉक्’ केला.

सोडला क्लच. इंजिन असं गर्जलं, की तिकडं माकणीला धरणाच्या कामावरच्या लोकांनी सुरुंग समजून कान झाकले. जळक्या क्लचचा वास उठला. आणि बैलगाडी हलली! हातभर! वरचं मंडळ टाळ्या पिटायला लागलं. तेवढ्यात कडाड् झालं. मागचा आस, चाकं आणि बैलगाडी एकीकडं राहिली. मी, इंजिन आणि स्टिअरिंग उसळी मारून पुढं आलो आणि बुडाखालचा पत्रा तलावाच्या तळाला टेकला.

मी पत्र्यातनं बाहेर आलो तो बोंबलतच. “अण्णा, मोडायसाठीच असतंय हे! हे खेचर है, खरी गाडी न्हाय! आता कळलं आस कुठं कमी पडतोय ते. जाड आस घालतो, पुढच्या बैठकीला उभं करतो. अवो, पळताना तर बघितलंच न्हाय तुम्ही! एकदा तरी पळताना बघा!”

अण्णा बैलगाडीवरून सावकाश उतरले. धोतर झटकलं. जमिनीला टेकलेल्या माझ्या गाडीकडं खाली बघितलं.

“बसला,” ते म्हणाले. “घ्यायचा न्हाय.”