टायपिंगवाल्या काकूंचं टिंब

लेखकाला घाम फोडणारी माणसं नागपुरात काही कमी नाहीत. समीक्षक आहेत, संपादक आहेत, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सभागृहात माइक धरून बसलेले अध्यक्ष आहेत. पण गेल्या पंचवीस वर्षांत या शहरातला लिहिणारा माणूस मनातून खरा घाबरला असेल तर तो एकाच बाईला. या बाई कधी व्यासपीठावर चढल्या नाहीत, त्यांनी कधी ओळभर समीक्षा लिहिली नाही, स्वतःची एक चारोळीसुद्धा छापली नाही. त्या टायपिंग करत. त्यांचं नाव बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना टायपिंगवाल्या काकू म्हणत, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणत.

महालात एका गल्लीच्या तोंडाशी, बांगड्यांचं दुकान आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये काकूंचं दुकान होतं. ते इतकं अरुंद की एका गिऱ्हाइकाला आत यायचं असेल तर दुसऱ्यानं आधी बाहेर पडावं लागे. पाटीवर ‘मराठी-हिंदी टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन’ एवढंच लिहिलेलं. दिवसभर तिथं भाडेकरार होत, प्रतिज्ञापत्रं होत, नळाला पाणी येत नसल्याचे अर्ज होत, आणि त्यांच्या मधूनमधून कथा, कादंबऱ्या, कवितासंग्रह आणि प्रबंधही होत. काकूंच्या लेखी सगळे कागद सारखे. ज्याचा नंबर आधी, त्याचं काम आधी. एखाद्या कादंबरीचा नायक शेवटच्या प्रकरणात प्राण सोडत असला, आणि तेवढ्यात कोणी रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करायचा अर्ज घेऊन आलं, तर नायकाला तसंच ताटकळत राहावं लागे. मे महिन्यात दुकानात एक छोटा कूलर लागायचा, पण त्याचं तोंड काकूंकडे नसायचं, कॉम्प्युटरकडे असायचं. ‘‘त्याले गरमी सहन नाही होत,’’ म्हणत काकू स्वतः कुणाच्या तरी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणानं वारा घेत बसायच्या.

त्यांचा टायपिंगचा वेग बघत राहावा असा होता. नजर हस्तलिखितावर, ओठ घट्ट मिटलेले, आणि बोटांचा आवाज टिनाच्या छपरावर गारा पडाव्यात तसा. पण मधेच, कुठल्या तरी पानावर, हा आवाज बंद व्हायचा. काकूंची बोटं हवेत थांबलेली असायची. मग त्या कानामागची पेन्सिल काढून हस्तलिखिताच्या समासात टाचणीच्या डोक्याएवढं एक टिंब द्यायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. का, ते सांगायच्या नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, ‘‘मी नाही थांबली गा. बोटं थांबली.’’ घरी जाऊन लेखक ते टिंब पाहायचा. आधी चिडायचा, मग ते वाक्य चार वेळा वाचायचा, आणि पाचव्या वेळेस त्याला दिसायचं की नेमक्या त्याच जागी आपण खोटं बोललो आहोत, किंवा कंटाळून काहीतरी भरून काढलं आहे. टिंब चुकलं असं म्हणणारा लेखक मी अजून पाहिलेला नाही. एका प्राध्यापकांनी मात्र वाद घालायचं धाडस केलं होतं. काकूंनी शांतपणे त्यांचं पान त्यांच्यापुढे धरलं. ‘‘सर, इथं लिहिलं, ‘ते दृश्य अवर्णनीय होतं.’ आन् खाली दोन पानं त्याचं वर्णन केलं.’’ सरांनी ती दोन पानं तिथंच घडी घालून खिशात ठेवली.

मी स्वतः त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्या पहिल्या कथेच्या वेळी. तेव्हा मी हिंगण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला होतो, आणि पाळी सुटली की मोटरसायकल थेट महालात आणायचो. कथा माझ्याच खात्यातल्या एका माणसाची होती. प्रेस मशीनमध्ये त्याचं बोट गेलं होतं. मी त्यावर चौदा पानं लिहिली होती, त्यातली तीन पानं यंत्रयुगातल्या माणसाच्या एकटेपणावर. ती तीन पानं मला फार आवडत. काकूंची बोटं त्यातल्या पहिल्याच पानावर थांबली. मी तिथंच उभा होतो, राहवलं नाही, विचारलं.

‘‘बोट तुटलं त्याचं, आन् दुखून राहिलं तुले,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तो काय म्हणाला, ते सांग ना.’’

‘‘काही विशेष नाही म्हणाला, काकू. दवाखान्यात नेताना एवढंच म्हणाला की माझा डबा घरी पोचवा, पण घरी काही सांगू नका.’’

‘‘हे कुठी लिहिलं?’’

‘‘लिहिलं नाही.’’

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आजतागायत दुसऱ्याच्या दुःखावर तीन पानं लिहिलेली नाहीत. ती कथा पुढं अकरा पानांची झाली आणि एका दिवाळी अंकात आली.

संवादांची परीक्षा तर त्या भर दुकानात घ्यायच्या. कथेतली नवरा-बायको भांडत असली की काकू ते भांडण मोठ्यानं वाचायच्या आणि प्रतिज्ञापत्रासाठी ताटकळलेल्या एखाद्या बाईला विचारायच्या, ‘‘काहून वं, तुमच्या घरी असं बोलते का कोणी?’’ ती बाई म्हणायची, ‘‘इतकं ऐकून घ्याले थांबतेच कोण?’’ झालं. लेखक दाराशी उभा राहून निम्मं भांडण खोडायचा.

लिहिलेलं छापून कसं आणायचं, याबद्दलही काकूंचे नियम पक्के होते. टाइप झालेली कथा त्या लगेच हातात देत नसत. पंधरा दिवस खणात ठेवायच्या आणि मग लेखकाला तिथंच बसवून एकदा वाचायला लावायच्या. एक कवी तर अक्षरशः रडकुंडीला आला होता, अंकाची मुदत संपत होती. काकू म्हणाल्या, ‘‘पंधरा दिवसांत शिळी होते ते कविता नाही गा, पोहे आहेत.’’ एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, एक प्रत आपल्याजवळ ठेवायची, तीन महिने फोन करायचा नाही. संपादकाला लिहायचं पत्र चार ओळींचं. पाचवी ओळ त्या टाइप करत नसत. मी एकदा पाचव्या ओळीत ‘माझ्या मित्रांना ही कथा फार आवडली आहे’ असं लिहिलं होतं. ‘‘तुये मित्र छापणार आहेत का?’’ एवढंच विचारून त्यांनी पत्र परत केलं. आणि कथा नाकारली गेली, तोंड पाडून कोणी दुकानात आलं, की त्याला बसायला स्टूल मिळायचं. एरवी स्टूल मिळत नसे. काकू परत आलेली कथा उघडायच्या, पहिलं पान मळलं असेल तर तेवढं पुन्हा छापून द्यायच्या आणि नवा पत्ता विचारायच्या. सांत्वन वगैरे काही नाही. पण त्या स्टुलावरून उठलेला माणूस सरळ पोस्टात जायचा.

या बाईंच्या हातून चूक म्हणून होत नसे; फक्त एक व्हायची, आणि ती न चुकता व्हायची. पुस्तक पुरं झालं की लेखक ऋणनिर्देशात काकूंचा उल्लेख करायचे. छापून आलेल्या पुस्तकात तो नसायचा. घरच्यांचे आभार असायचे, गुरुजनांचे असायचे, काकूंची ओळ तेवढी गायब. विचारलं तर त्या चेहरा कोरा ठेवून म्हणायच्या, ‘‘टायपिंग मिस्टेक झाली असंन.’’

मग एके दिवशी सावनेरकडून एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्य कोळशाच्या खाणीत काढून निवृत्त झालेले. दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांना दम लागे. पिशवीत पाच वह्या, आणि पाचही वह्यांत त्यांनी आपलं खाणीतलं आयुष्य जसं बोलत तसंच लिहून काढलेलं. काकूंनी पहिली वही घेतली. त्या आठवड्यात मी रोज जात होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिली वही संपली, दुसरी संपली, आणि काकूंची बोटं थांबली नाहीत. गल्लीत बातमी पसरली. बांगड्यावाली येऊन उभी राहू लागली, घड्याळवाला भिंग डोळ्याला तसंच ठेवून डोकावू लागला. पाचवी वही संपली तेव्हा समासांत एकही टिंब नव्हतं. काकू स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, ‘‘काय माणूस आहे गा!’’

टाइप केलेली पानं एका प्रकाशकाकडे गेली. त्यांचं उत्तर आलं की मजकूर मोलाचा आहे, भाषा शुद्ध करून दिलीत तर छापू. म्हातारबाबा ते पत्र घेऊन दुकानात आले. ‘‘करून टाका बाई, जसं म्हणते तसं. मले पुस्तक हातात पायचं आहे. माहे किती दिवस राहिले, कोणाले मालूम?’’

काकूंनी पहिलं पान शुद्ध भाषेत टाइप केलं आणि म्हाताऱ्यांना समोर बसवून आधी त्यांचं पान वाचून दाखवलं. ‘‘खाली उतरलो का पयले आवाज मरते, मंग उजेड.’’ मग दुसरं पान वाचलं. ‘‘खाणीत उतरताच प्रथम ध्वनी क्षीण होत जातो आणि तदनंतर प्रकाश.’’

म्हातारबाबा कान देऊन ऐकत होते. ‘‘हे दुसरं कोणाचं आहे बाई?’’

‘‘तुमचंच आहे भाऊ.’’

‘‘माहं?’’ त्यांनी ते पान हातात घेऊन पाहिलं. ‘‘हा तं कोणी साहेब वाटते. हा कधी खाली उतरलाच नाही.’’ मग त्यांनी दुकानातच राहिलेल्या पाचही वह्या पिशवीत भरल्या, उठले आणि सावनेरच्या बसला निघून गेले.

पुढचे आठ दिवस मी काकूंना कधी नव्हे ते घाबरलेलं पाहिलं. त्यांनी एका लग्नपत्रिकेत वरपित्यालाच वर केलं, आणि ते घड्याळवाल्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. ‘‘मी कायले वाचून दाखवलं गा?’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘मी टायपिंगवाली. जे सांगितलं ते टाइप करून द्यायचं सोडून... बुढ्याचं पुस्तक गेलं माह्या हातानं.’’ माझ्या मते त्यांनी बरोबरच केलं होतं, पण मरायच्या आधी पुस्तक हातात धरायची इच्छा माझी नव्हती, त्या माणसाची होती.

नवव्या दिवशी म्हातारबाबा आले. वह्या काउंटरवर ठेवल्या, दम खाल्ला आणि म्हणाले, ‘‘जसं आहे तसं पाठवा. छापलं तं छापलं.’’ काकूंनी चार ओळींचं पत्र केलं. टाइप केलेली पानं दोनदा परत आली. दोन्ही वेळा म्हातारबाबा स्टुलावर बसले, दोन्ही वेळा नवा पत्ता लिहिला गेला. तिसऱ्या ठिकाणच्या एका लहानशा प्रकाशकानं एक अक्षर न बदलता पुस्तक काढायचं कबूल केलं. या सगळ्यात सव्वा वर्ष गेलं. म्हातारबाबा टिकून राहिले. ते जिद्दीनं टिकले असं माझं मत आहे.

प्रकाशनाला काकू शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. ऋणनिर्देशातली ओळ अर्थातच उडालेली होती. पण म्हातारबाबांनी त्याचा बंदोबस्त केला होता. कार्यक्रमाच्या आधी चार दिवस त्यांनी प्रकाशकाकडून सगळी पुस्तकं मागवून घेतली होती आणि एकेका प्रतीत, ऋणनिर्देशाच्या खाली, शाईच्या पेनानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘हे पुस्तक महालातल्या टायपिंगवाल्या बाईनं पुरं केलं.’ काकूंनी एक प्रत उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग माझ्याकडे वळून रागानं म्हणाल्या, ‘‘हे आता खोडू कसं मी?’’ त्यांचा राग खराच होता. पण घरी जाताना त्यांच्या पिशवीत त्या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या.

आता ते दुकान नाही. लोक मोबाइलशी बोलतात आणि अक्षरं आपोआप उमटतात. काकूंचे डोळेही अधू झाले; डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायला मनाई केली, आणि मुलानं त्यांना हिंगण्याच्या रस्त्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. मी अधूनमधून जातो. वर्तमानपत्र वाचून दाखवतो, कोणाची पत्रिका आली असेल तर तीही. परवा गेलो तेव्हा बरोबर माझी नवी कथा होती. काकू बाल्कनीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी वाचत गेलो, त्या सोलत राहिल्या. कथा संपली. शेवट मला चांगला साधला आहे असं वाटत होतं, म्हणून मी थोडा वेळ थांबलो.

‘‘पुढं?’’ काकू म्हणाल्या.

‘‘संपली, काकू.’’

‘‘असं?’’ त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. ‘‘मंगळवारी ये मंग. पुढचं लिहून आण.’’

त्यांना खरंच पुढं काय झालं ते ऐकायचं होतं, की मंगळवारी कोणीतरी यावं असं वाटत होतं, हे मला ओळखता आलं नाही. मी विचारलंही नाही. काल संध्याकाळी बसलो आणि संपलेल्या कथेच्या खाली आणखी एक पान लिहिलं.