तपनदांचा डावा कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. बाबा तर न ऐकताच गेले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही... की ऐकून घ्याल असं वाटतं म्हणून? ठाऊक नाही.

मी कोलकात्यात फौजदारी वकिली करत होते. बाबा लष्करात, फोर्ट विल्यमला बदली झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही बराकपूरला राहिलो ते राहिलोच. घरात मराठी, कोर्टात बंगाली. गणपतीत आमच्याकडे भजन असायचं. बाबांची पेटी बेसूर झाली की ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहाल्याला, पेट्या दुरुस्त करणाऱ्या तपनदांकडे जायची. गल्लीतलं एवढंसं दुकान. एकेक पट्टी दाबून, डोळे मिटून, ते ऐकत बसायचे.

रस्ता रुंद करायचा म्हणून सरकारने त्या गल्लीतली दुकानं पाडायला घेतली. लोक आडवे आले, दगड पडले, एका हवालदाराचं डोकं फुटलं. तपनदा तेव्हा गिऱ्हाइकांच्या पेट्या बाहेर काढून ठेवत होते. तरी त्यांना उचललं. त्यांच्या बायकोने — मालतीबौदींनी — मला फोन केला. दुसरा वकील त्यांना माहीतच नव्हता.

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांना पाहिलं. डावा कान सुजून काळानिळा, आत सुकलेलं रक्त.

"लॉकअपमध्ये मारलं, दीदी," ते म्हणाले. "आत सारखी शिट्टी वाजतेय."

आता इथे मला थांबावंसं वाटतं. पण नाही — सांगते.

त्याच सुमारास सरकारी वकील म्हणून माझं नाव पुढे गेलं होतं. नेमणूक करणार सरकार. पोलीसही सरकारचेच. व्हरांड्यात एक ज्येष्ठ वकील माझ्याजवळ घटकाभर थांबले. "तुझं नाव आलंय म्हणे. आज जरा जपून हं." एवढंच. धमकी नव्हती. धमकी असती तर मी चिडून उठले असते — असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. खरंच उठले असते का?

मी तपनदांना म्हटलं, "मारहाणीचं काढू नका. काढलंत तर पुन्हा त्यांच्याच तावडीत सापडाल." त्यांनी मान डोलावली. वकीलबाई सांगते म्हणजे ते आपल्या भल्याचंच असणार, नाही का?

मॅजिस्ट्रेट तरुण होत्या. त्यांनी आपणहून विचारलं, "पोलिसांनी मारलं का तुम्हाला?"

तपनदांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "मग कानाला काय झालं?" आणि त्यांची नजर माझ्याकडे वळली. पोलिसांना जाब विचारणारी त्या खोलीतली एकटी बाई — आणि ती मला हात देत होती. अजूनही वेळ गेलेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

मी उभी राहिले. म्हणाले, "जुनं दुखणं आहे, मॅडम. कान फुटतो त्यांचा."

कुणी मला हे बोलायला लावलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. इतकं सहज आलं, की मीच दचकले.

त्यांना पुन्हा पोलीस कोठडी मिळाली. माझ्या शब्दामुळे डॉक्टरकडे पाठवायचा प्रश्नच उरला नाही. ते बाहेर आले तेव्हा डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं. माझी नेमणूक झाली. तपनदांचा खटला मी एका मैत्रिणीकडे सोपवला आणि तिने तो जिंकला. तिने साक्षीदारांची उलटतपासणी अशी घेतली, की पोलिसांची सगळी गोष्टच कोसळली. मला ते जमलं नसतं असं नाही.

सुटल्यावर तपनदा संदेश मिठाईचा डबा घेऊन घरी आले. "तुम्ही त्या दिवशी गप्प राहायला सांगितलंत म्हणून वाचलो, दीदी." मी ते संदेश घेतले. आईने खाल्ले, नवऱ्याने खाल्ले. मीही खाल्ला.

हल्ली लॉ कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावतात. मी मुलांना सांगते, की सरकार आणि न्यायालय वेगळं ठेवलंय ते याचसाठी. आणि कोठडीच्या भिंतीआडचं न्यायालयाला दिसत नाही, ते दाखवायला वकील असतो. मुलं लिहून घेतात.

मागच्या हिवाळ्यात एकदा बेहाल्याला गेले. ठरवून गेले होते, की आज सांगायचंच. तपनदा आता प्लास्टिकच्या बादल्या-टब विकतात. पेट्या सोडल्या, सूर नीट कळत नाही म्हणाले, गिऱ्हाइकाला का फसवायचं? मला पाहून त्यांना कोण आनंद! स्टूल पुसलं, उचलून आपल्या उजव्या बाजूला ठेवलं.

"इकडे बसा, दीदी. या कानाने चांगलं ऐकू येतं. बोला."

मी बसले. ते माझ्याकडे कान करून, जरासे वाकून वाट पाहत होते.

मी विचारलं, तुमची मुलगी आता कितवीत आहे?