विजयादशमीपर्यंत उघडू नका

नवरात्र जवळ आलं की ती घटना आजही डोळ्यांपुढे उभी राहते. त्या काळी मी तंजावूरच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. गल्लोगल्ली ब्राउझिंग सेंटर निघाली होती आणि जो तो मुलांना कॉम्प्युटर शिकवायच्या मागे लागला होता. नवा कॉम्प्युटर घेणं सगळ्यांना झेपत नसे, म्हणून लोक इंटरनेटवरची जाहिरात बघून जुना मागवत. विकणाऱ्याचं तोंड कुणी पाहिलेलं नसे.

एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच पापनाशमचे एक टायपिंग इन्स्टिट्यूटवाले गृहस्थ फिर्याद घेऊन आले. जुन्या कॉम्प्युटरचे अर्धे पैसे त्यांनी आधी ड्राफ्टने पाठवले होते आणि उरलेले, माल घरी आल्यावर, विकणाऱ्याच्या माणसाला रोख दिले होते. खोकं उघडलं तर आत नुसता सांगाडा आणि वाळूच्या पिशव्या.

"फोनवर किती भला वाटला हो," ते म्हणाले. "विद्येची वस्तू आहे, विजयादशमीला पूजा करूनच उघडा, असं बजावत होता. मी देवाधर्मातला नाही, म्हणून लगेच उघडून बसलो."

ते ऐकून मला डाव कळला. आमच्या मुलखात वही, पुस्तक, वीणा, जे काही विद्येचं ते सरस्वतीपूजेला देवापुढे मांडायचं आणि विजयादशमीला हाती घ्यायचं. नवी आणलेली वस्तू तर त्याआधी कुणी वापरायला काढत नाही. ठग या रीतीवरच पोट भरत होता. दसऱ्याला अजून अवकाश होता. तोवर किती घरांत देवापुढे वाळू ठेवली गेली असेल कोण जाणे! आणि ज्यांनी खोकं उघडलंच नव्हतं ते तक्रार तरी कशी करणार?

मी पार्सल ऑफिसात हवालदार पाठवला. त्याच माणसाकडून आलेलं आणखी एक खोकं राजवाड्यामागच्या गल्लीत गेल्याचं कळलं. घर तंजावूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्याच मराठी माणसांतलं निघालं. नवरा गेल्यावर शिकवण्या करून दोन मुलींना वाढवणारी बाई होती ती. विजयादशमीला ओसरीवर कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करायचा, एवढाच तिचा ध्यास. मुलांची नावं नोंदवून झाली होती आणि हातातल्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. खोकं देवघरात होतं, वर हळदकुंकू वाहिलेलं. उरलेले पैसे न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता.

"आत काय आहे ते बघितलंत का?" मी विचारलं.

"मुहूर्ताच्या अगोदर काय म्हणून उघडू, अण्णा? अर्धे पैसे वस्तू पोचल्यावरच देतें म्हणून सांगिटलं. एवढं शहाणपण मज आहे."

मी पापनाशमची हकिकत सांगितली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "अय्यो, आत्ताच फोडतें," म्हणत ती कत्ती आणायला धावली. मी तिला अडवलं. तिनं घरी खोकं फोडलं असतं, तर माल तुम्हीच बदलला असं म्हणायला तो मोकळा झाला असता. मला सील शाबूत हवं होतं. ती तशीच देवघराच्या उंबऱ्याशी बसून राहिली. मला तिची फार कीव आली, पण इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही साध्या वेषात शेजारच्या घरात दबा धरून बसलो. तो आला. स्वच्छ वेष्टी नेसलेली, कपाळाला विभूती, बोलणं साखरेत घोळलेलं. पैसे त्यानं हातात घेतले आणि आम्ही त्याला पकडला.

ठाण्यात मात्र तो डगमगेना. "अय्या, मी नुसता वसुलीचा माणूस. माल पोचलाय. गुन्हा कुठला?" पापनाशमच्या गृहस्थांनी त्याला ओळखलं, तर उलट म्हणाला, यांनीच कॉम्प्युटर काढून वाळू भरली असेल. चोराच्या उलट्या बोंबा! मी बाईला बोलावून घेतलं आणि तिचं खोकं पंचांसमोर टेबलावर ठेवलं. सील आपल्याच मालकाचं असल्याचं त्यानं कबूल केलं. मग तो तिच्याकडे वळला.

"अम्मा, आत चांगलं मशीन आहे. पोलिसांनी उघडलं की तो मुद्देमाल झाला. कोर्टातून कधी सुटेल सांगता येत नाही. वर्ग कशावर घेणार? आणि पूजेआधी उघडल्याचं पाप कुणाच्या माथी?"

मुद्देमालाचं त्यानं सांगितलं ते खोटं नव्हतं. मशीन खरं निघालं असतं तरी मला ते ठेवून घ्यावं लागलं असतं. कायद्यानं मला तिच्या परवानगीची गरज नव्हती, तरी माझा हात धजेना. पंच, हवालदार, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिनं पदर खोचला. "उघडा, अण्णा. वाळू असली तर तिची पूजा मज नोको."

हवालदारानं दोरी कापली. वर स्क्रीनचं पोकळ कवच, खाली पिशव्या. एक पिशवी फाटली आणि वाळू टेबलावरून त्या माणसाच्या पायांवर सांडली. मग मात्र त्यानं सगळं कबूल केलं. मालक वगैरे कुणी नव्हताच. जाहिरात देणारा, फोनवर पाप-पुण्याच्या गोष्टी सांगणारा आणि वसुलीला येणारा तो एकटाच होता. ओरत्तनाडू आणि कुंभकोणमच्या आणखी घरांची नावं त्यानं सांगितली. तिथे खोकी उघडायला गेलो, तर लोक ठगापेक्षा आमच्यावरच संतापले. एका आजोबांनी तर मला "आधी चपला काढा" म्हणून दारातच थांबवलं.

बाईला त्या दिवशीची रोकड कोर्टातून परत मिळाली. ड्राफ्टचे पैसे बुडाले ते बुडाले. त्या विजयादशमीला वर्ग काही सुरू झाला नाही, नाव घातलेली मुलं दुसरीकडे गेली. ठग पकडला म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, पण त्या गल्लीतून जाताना ती बंद ओसरी बघून मला फार वाईट वाटे.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. ठग माणसाच्या हावेचाच फायदा घेतो असं आम्ही पोलीस समजत असू. पण चांगला ठग माणसाच्या चांगुलपणाचाही अभ्यास करतो. श्रद्धेला मुहूर्त असावा, तपासणीला नसावा.

पुढे बांगड्यांची आशा सोडून तिनं पुन्हा पैसे जमवले आणि दुसरा जुना कॉम्प्युटर मागवला. माल आला त्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. नेमका राहुकाळ चालू होता. आणणाऱ्या माणसाला तिनं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, त्याच्यादेखतच खोकं फोडलं आणि तारा जोडायला लावल्या. थोरली मुलगी हळदकुंकवाची वाटी घेऊन आली.

"थांब गे," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "अगोदर चालू होऊं दे."