आमच्या घराचा मालक कोण?

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. लग्न होऊन मी तुळजापुरात आले, तेव्हा आमचं बिऱ्हाड देवळामागच्या गल्लीत, दोन खोल्यांत होतं. हे शाळेत मास्तर. घरमालक वयस्कर, अबोल. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. मला भाकरी थापता येत नव्हती, ती त्यांनीच शिकवली.

मालक अचानक वारले. तेरावा झाला न झाला, तोच त्यांचा पुतण्या दारात उभा. "खोल्या खाली करा. आता घर मी बघतो."

आम्ही हललो नाही, तर त्यानं धाराशिवच्या कोर्टात दावा लावला. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी कुणी चढलं नव्हतं.

तारखेला एस.टी.त चढलो, तर काकू आधीच येऊन बसलेल्या.

"काकू, तुम्ही कशाला?"

"घर माझं. मला कुणी इचारलं का?"

आमच्या वकिलांनी एवढंच मांडलं, की चुलत्या-पुतण्याच्या वाटण्या मागंच झाल्यात. हे घर चुलत्यांच्या वाट्याचं. त्यांच्यामागं ते बायकोचं आणि लेकीचं. मग भाडेकरूंना काढा म्हणणारा हा कोण?

"घरातला कर्ता पुरुष मीच हाय," पुतण्या म्हणाला.

मुन्सफसाहेबांनी काकूंना विचारलं, "बाई, तुम्ही याला मुखत्यार केलंय?"

"न्हाय जी. मी जिती हाय अजून. काढायचं झालं तर मी काढीन."

दावा फेटाळला. परतताना काकूंनी स्टँडवर पेरू घेतले आणि गाडीत मालकांच्या आठवणी सांगत बसल्या. मालक गेल्यापासून पहिल्यांदाच त्या हसल्या.

पुढं काही वर्षांनी त्यांची लेक विधवा होऊन लेकरांसकट माहेरी आली. एका सकाळी काकू आमच्या उंबऱ्याशी येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. हेच म्हणाले, "काकू, आम्ही दुसरीकडं खोल्या बघतो." त्यांनी डोळ्याला पदर लावला.

त्याच आठवड्यात आम्ही पलीकडच्या आळीत गेलो. सामान लावेपर्यंत कालवण काकूंकडूनच येई. बाजारात भेटल्या की सोबतच्या बायकांना सांगायच्या, "ही आमची भाडेकरीण." आणि मला ते ऐकायला फार बरं वाटायचं.