वायरीचा धुरा

वाद सोमवारी सकाळी साडेनवाला सुरू झाला. वादाची रक्कम रुपये अठ्ठावीस फक्त: काळी वायर दोन मीटर, दर मीटरला चौदा. हजर मंडळी: मी, माझी पत्नी, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल झालेले माझे दोन सख्खे भाऊ.

भाऊ लाल कसे होतात हे आधी सांगावं लागेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसमतला आम्हा तिघा भावांची हळदीची आडत होती. स्वयंपाक वेगळे, धंदा एक. एका रांगेत तीन घरं. पहिलं थोरल्या मारोतीदादाचं, खाली दुकान. मधलं माझं, तिथे हिशेब. शेवटचं धाकट्या बालाजीचं, मागे गोदाम. मोंढ्याच्या बाजारात तिघांचं नाव एक आणि पावती एक. वडील गेल्यावरही ती पावती फाटली नाही, याचा आम्हाला अभिमान होता. (दादाला जास्त. मला त्या पावतीवरची बेरीज बरोबर असते याचा होता.)

दादाचे जावई प्रकाशराव नांदेडला कॉम्प्युटर बसवण्याच्या धंद्यात होते. सासऱ्याच्या प्रेमापोटी त्यांनी तिन्ही घरांत एकेक कॉम्प्युटर बसवला आणि गच्च्यांवरून एकच काळी वायर फिरवून तिन्ही जोडले. गोदामात पोतं मोजलं की आकडा माझ्याकडे, मी बिल केलं की कागद दुकानातल्या प्रिंटरवर. शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट ठेवली. तीत तिघांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक टिकली. ते स्टेशन, म्हणजे त्या घरातला कॉम्प्युटर, चालू असलं की हिरवी, बोलेनासं झालं की लाल.

"काका, यावर लक्ष तुम्ही ठेवा," प्रकाशराव मला म्हणाले. "तुमचं काम चोख असतं."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही दुकानापासून गोदामापर्यंतची अख्खी वायर म्हणजे एकच सेगमेंट आहे, त्याचे भाग पडत नाहीत. आम्ही मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी त्याचे तीन भाग पाडले. खर्च तिघांचा, मग वायर तिघांची. चोपन्न मीटर वायर, प्रत्येकी अठरा. दुकानापासून अठरा मीटर दादाची, पुढची अठरा माझी, शेवटची अठरा बालाजीची. जिथे एकाची हद्द संपते तिथे मी वायरीवर हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा मारला. शेतात दोन भावांच्या मधला बांध, म्हणजे धुरा, असतो आणि त्यावर खुणेचा दगड असतो, तसा. ज्याच्या तुकड्यात बिघाड त्याने दुरुस्ती करायची. आणि ज्याच्यामुळे काम अडेल त्याने हजर असलेल्या सगळ्यांना भजी खाऊ घालायची, हा नियमही माझाच.

पहिली भजी बालाजीची झाली. वायरीच्या शेवटच्या टोकाला एक छोटं टोपण होतं. त्याला पुढे काहीच जोडलेलं नाही, मग ते हवं कशाला, म्हणून त्याने ते काढून खिशात टाकलं. तिन्ही घरं एकदम बंद पडली. मी त्याला अर्धा तास समजावलं.

"मोप झालं आता," तो म्हणाला. "लग्नात बी इतका उपदेश न्हाई ऐकला म्या."

दुसरी भजीही बालाजीचीच. तिसरी वहिनींची, कारण कॉम्प्युटर गरम राहतो म्हणून त्यांनी त्यावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. माझं नाव त्या चौकटीत सहा महिने अखंड हिरवं होतं. मी ते पाहुण्यांना दाखवत असे.

आता सोमवार. त्या सकाळी मी गच्चीवर गेलो तर बालाजीच्या बाजूचा पट्टा मला नवाकोरा दिसला. विचारल्यावर म्हणाला, "दिवाळीत घर रंगवलं, तवा त्यालाबी एक हात मारला."

शेतात खुणेचा दगड "जरा साफ करून ठेवला" असं शेजारी म्हणाला की माणूस काय करतो? आधी मोजतो. मीही टेप आणली. वायर झोळासारखी लोंबत होती, झोळ धरला तर माप चुकतं, म्हणून ती दोन्ही हातांनी चांगली ओढून ताठ केली आणि मोजली. पट्ट्यापासून माझ्या भिंतीपर्यंत आठ मीटर. पलीकडच्या भिंतीपासून दादाच्या पट्ट्यापर्यंत आठ मीटर. एकूण सोळा. पुन्हा ओढली, पुन्हा मोजली. सोळाच.

म्हणजे धुरा कोरला होता. सख्ख्या भावाने, दोन मीटर.

संतापून खाली आलो, खुर्चीत बसलो, पडदा पाहिला. मारोती लाल. बालाजी लाल. मुंजाजी (म्हणजे मी) हिरवा.

मी दादाला फोन लावला. "दादा, तुमचं बंद पडलं."

"न्हाई बा. माझं चालू हाये. तुझंच लाल दिसून राहिलं."

"माझं कसं लाल दिसंल? मी समोर बसलोय."

"आता दिसून राहिलं त्याला मी काय करू?"

बालाजीला लावला. त्यानेही तेच सांगितलं, पण हसत. "काका लाल झाले म्हणून पोरं नाचून राहिलीत," म्हणाला. आणि मग, "भजी कांद्याची सांगू का मिरचीची?"

माझा संताप वाचकांनी समजून घ्यावा. माझ्या पडद्यावर तिघांपैकी दोघे बंद आणि एक चालू. बंद असलेले दोघे फोनवरून चालू असलेल्याला सांगतात की तूच बंद आहेस. दोघांचे शब्द एक, सूर एक. हे ठरवून चाललं होतं यात मला शंका उरली नाही. आधी वायर कोरायची, मग माणसाला लाल करायचं.

पत्नी दारात उभी होती. "आहो, म्या काय म्हणते, सकाळी तुमी ती वायर वढून राहिले व्हते—"

"तू मधे बोलू नको. हे हद्दीचं काम आहे."

दुपारी दादा घरी आला, तेव्हा जे बोलायला नको ते मी बोललो. "दादा, माझा हिस्सा वेगळा करा. पावती वेगळी छापतो मी."

दादा बसला होता तो उठून उभा राहिला. "दोन मीटर वायरीसाठी?"

"दोन मीटरचा प्रश्न नाही. आज वायर कोरली, उद्या गोदाम कोरतील."

"बाबांनी काढलेली पावती हाये ती, मुंजा." एवढंच बोलून तो गेला. चहा तसाच राहिला. त्या दिवशीची बिलं मी हाताने लिहिली, आणि वहिनींनी आमच्याकडे रोज येणारं ताक पाठवलं नाही.

मी साखरा गावच्या मामांना निरोप धाडला. आमच्या साखऱ्याच्या शेताची वाटणी मामांनीच केली होती. धुऱ्यावर उभं राहून ते जे बोलले ते तिघांनीही मुकाट ऐकलं होतं. दादानेही आपल्या बाजूने नांदेडला फोन करून जावयांना बोलावलं.

मंगळवारी पहिल्या बसने मामा आले. पाणी प्यायले, पान जमवलं, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि म्हणाले, "चला, धुरा दाखवा."

आम्ही तिघे भाऊ आणि मामा गच्च्यांवरून वायरीकडेने चालत निघालो. मामा प्रत्येक हिरव्या पट्ट्याजवळ थांबायचे, वाकून बघायचे, डोळे बारीक करून पुढच्या पट्ट्याची रेघ धरायचे. खाली रस्त्यावर माणसं जमली. कोणीतरी ओरडून विचारलं, "बालाजीराव, पतंग अडकला का काय?"

"न्हाई, वावर मोजून राहिलो," बालाजी म्हणाला.

मग मामांनी तिन्ही पडद्यांची जबानी घेतली. दादाच्या पडद्यावर मी लाल, बाकी हिरवे. बालाजीच्या पडद्यावर मी लाल, बाकी हिरवे. माझ्या पडद्यावर ते दोघे लाल, मी हिरवा. मामा माझ्या खुर्चीत टेकले.

"आता दोन्हीकडचे धुरेकरी एक बोलून राहिले अन् मधला एकटा दुसरं," ते म्हणाले. "वावरात असतं तर म्या मधल्याला खोटं पाडलं असतं."

"मामा, हे वावर नाही, यंत्र आहे. यंत्र खोटं बोलत नाही."

"मंग त्यांचे यंत्र काहून खोटं बोलतील?"

मी आवाज चढवला. बालाजीने त्याहून चढवला. सहा महिन्यांतली भजी त्याने मोजून दाखवली. मी पट्ट्याचं काढलं. दादा मधे पडला, तर त्याला मी म्हणालो, "तुम्ही धाकट्याचीच बाजू घेता, शेताच्या वेळीही घेतली होती." हे ऐकून दादा मामांकडे वळला.

"मामा, करून टाका वेगळं. मला न्हाई ऐकवत आता."

मामा उठले. "बराबर हाये. तकलीफ ह्या वायरीनं झाली, तर आधी हिची वाटणी. तीन तुकडे करा, ज्याचा त्याला द्या. मंग पावतीचं बसून बोलू." आणि कमरेचा अडकित्ता काढून ते भिंतीतून आत येणाऱ्या वायरीजवळ गेले.

अडकित्ता उघडलेला, वायर त्याच्या पात्यांत. मी हिशेबी माणूस, त्या क्षणीही डोक्यात आकडे चालले होते: अठरा मीटरच्या सुट्या तुकड्याची किंमत दोनशे बावन्न रुपये, त्याचा उपयोग शून्य. आणि तिघांच्या नावाची पावती मात्र कोणत्याच भावात धरता येईना. दादा भिंतीकडे बघत होता.

तेवढ्यात दारात प्रकाशराव.

जावई आले की आमच्याकडे कोर्ट उठतं. अडकित्ता मिटला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, बालाजीने खुर्ची पुसली, मी (माझ्या घरात, माझ्याशी भांडण चालू असताना) चहा टाकायला सांगितला. चहा होईपर्यंत तिघेही भाऊ पावसापाण्याचं बोललो. मग प्रकाशरावांनी माझा पडदा पाहिला आणि उठून दुकानातला पाहून आले.

"काका," ते फार अदबीने म्हणाले, "जे स्टेशन वायरीतून सुटतं ना, त्याला बाकीचे सगळे बंद झाल्यासारखे दिसतात. स्वतः मात्र हिरवं दिसतं. ते स्वतःशीच बोलत असतं."

पत्नीने पदर तोंडाला लावला.

"मागचा जोड बघतो," म्हणत ते टेबलाखाली वाकू लागले.

"आहो आहो," दादा ओरडला. "जावयाला टेबलाखाली घालता का? पोरीच्या सासरी काय तोंड दाखवू मी?"

वहिनींनी प्रकाशरावांना खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं. बालाजी म्हणाला की त्याची कंबर धरलीय. मामांचं वय बघता त्यांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मग पंच, भाऊ, भावजय, पत्नी आणि जावई यांच्यासमोर मी धोतर आवरून गुडघ्यांवर बसलो आणि टेबलाखाली शिरलो.

"काय दिसून राहिलं?" मामांनी वरून विचारलं.

दिसायला दोन गोष्टी होत्या. एक, वायरीचा जोड कॉम्प्युटरच्या पाठीतून निसटून लोंबत होता. दुसरी, त्याच्या शेजारी सुतळीने बांधलेलं वायरीचं एक वेटोळं होतं. ते टेप न लावताही किती मीटरचं आहे हे मला कळलं.

"काका, ती जादाची वायर मीच ठेवली होती," प्रकाशराव वरून म्हणाले. "पुढेमागे टेबल हलवलं तर ओढ बसू नये म्हणून. दोन मीटर असेल."

"आणि ओढ कशानं बसली म्हणता?" बालाजीने विचारलं.

"कोणीतरी बाहेरून जोरात खेचली असणार."

मी टेबलाखालून बाहेर आलो नाही. बाहेर पत्नीचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द मोकळा: "म्या कालपासून तेच सांगून राहिले. पण हद्दीचं काम हाये म्हणे."

पहिल्यांदा हसला तो दादा. तो हसला तेव्हा मला कळलं की पावती वाचली.

मामांनी उभ्या उभ्या निकाल दिला. धुरा कोरल्याचा खोटा आळ घेणाऱ्याने वादाच्या रकमेची दुप्पट त्या शेजाऱ्याला द्यायची, हा त्यांचा शेतातला नियम वायरीलाही लागू. त्यानुसार मी दिलेल्या रकमा अशा: मामांना साखऱ्याचं जाण्यायेण्याचं भाडं. जावयांना टॉवेल-टोपी. सात माणसांची भजी, कांद्याची आणि मिरचीचीही, कारण बालाजीला ठरवता येईना. आणि बालाजीला रोख छप्पन रुपये.

छप्पन रुपये त्याने दोनदा मोजले आणि खिशात घातले. "पावती पाह्यजे," म्हणाला. "कॉम्प्युटरवरची. तिघांच्या नावाची."

मी तशीच केली. वाकून जोड घट्ट बसवला होता, खुर्ची पुढे ओढून ऐटीत बसलो, रक्कम घातली, कारण घातलं आणि बिल दुकानातल्या प्रिंटरकडे पाठवलं. दुकानात कागद काही निघेना. कोपऱ्यातल्या चौकटीत पाहिलं तर मारोती लाल, बालाजी लाल, आणि मी एकटा हिरवागार.

या वेळी मी कोणालाही फोन केला नाही. खुर्चीचा पाय वायरीवरून उचलला, धोतर आवरलं आणि गुपचूप पुन्हा टेबलाखाली गेलो.