भीतीची हजेरी

जगातली सगळी संकटं एकाच दिवशी निलंग्याच्या स्टँडवर उतरली, तरी आमचे दाजी आधी त्यांना रांगेत उभं करतील आणि मग हजेरी घेतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत खेळाचे सर. गळ्यातली शिट्टी लग्नातही निघत नाही, जेवतानाही नाही. कोणतंही काम अंगावर आलं की लाल शाईचं पेन काढून ते घरादाराला विचारतात, "कुणाला कशाची भीती वाटायलीय, बोला!" सुरुवात सगळ्यात भेकड माणसापासून, कारण त्यांच्या मते खड्डे त्यालाच आधी दिसतात. हा मान अर्थातच कायम माझा. वर त्यांचा कायदा असा, की भीती ज्याची, बंदोबस्तही त्याचाच. भाचीच्या साखरपुड्यात "भात कमी पडला तर?" एवढंच मी पुटपुटलो आणि सकाळपासून आचाऱ्याच्या डोक्यावर उभा राहिलो. भात इतका उरला की ताईने मला तीन दिवस फोडणीचा भात खाऊ घातला.

पण या हजेरीची खरी ताकद मी यंदा नांदेडला पाहिली. मुलींच्या आंतरशालेय खो-खो स्पर्धेचा अंतिम सामना होता, आणि दाजींच्या संघाबरोबर मीही गेलो होतो. दाजींच्या उभ्या नोकरीत शाळेला या स्पर्धेची विजेतेपदाची ढाल कधी मिळाली नव्हती, आणि महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. सामन्याला अर्धा तास उरला असताना कॅप्टनचा पाय मुरगळला! पोरी रडायला लागल्या. दाजींनी मात्र शिट्टी फुंकली. "बसा गोल. हजेरी!"

कॅप्टनच्या जागी जाणारी मुलगी संघात सगळ्यात लहान. ती हुंदके देत म्हणाली, "सर, बाकीच्या बाद झाल्या अन् शेवटी मी एकलीच उरले तर?"

"मंग शेवटी तूच ऱ्हायचं. पर जिंकायचा इचार न्हाई करायचा. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत पळायचं. पोचलीस की पुन्यांदा तेवढंच. जमतंय ना?"

"हाव, सर."

आणि काय सांगू, नेमकं तसंच झालं! शेवटच्या डावात ती एकटी उरली, आघाडी फक्त एका गुणाची. पोरगी पळाली. खांब! वळली, निसटली, पुन्हा खांब! कॅप्टन एका पायावर नाचत होती. मी खुर्चीवर कधी चढलो, मलाच कळलं नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा मी आनंदाने ज्यांना कडकडून मिठी मारली, ते समोरच्या संघाचे सर निघाले.

ढाल घेऊन पोरी मैदानभर ओरडत सुटल्या. दाजी मात्र मैदानाच्या मधोमध, खो-खोच्या रिकाम्या चौकोनात एकटेच बसले होते. मी जवळ गेलो.

"मेव्हणे," ते हळूच म्हणाले, "एक तारखेपासून सकाळी उठून मी कुठं जाऊ?"

एवढ्या वर्षांत दाजींनी स्वतःची भीती पहिल्यांदाच सांगितली होती. फार वाईट वाटलं. तेवढ्यात मागून ती लहान मुलगी धावत आली, दाजींच्या पाठीवर जोरात थाप मारून ओरडली, "खो! उठा सर, गाडी लागली!"

खो मिळाल्यावर बसून राहता येत नाही. दाजी उठले आणि तिच्यामागे धावत सुटले. मी त्यांना पुढे जाऊ दिलं. मला डोळे पुसायचे होते.